तीन एकरांतला तिसरा बांध

मी एक जुना बांध आहे. मधून फुटलेला असल्यामुळे लांबून बघणाऱ्याला मी दोन बांध वाटतो, पण मी एकच आहे. माझे एक टोक आंब्याच्या झाडाशी आहे आणि दुसरे शेळ्यांच्या वाटेशी. मधली तीस पावले आता नाहीत. मित्रांनो, ती तीस पावले कशी गेली ते मला सांगायचे आहे. उद्या माझी उरलेली मातीही उचलली जाणार आहे, म्हणून आजच सांगतो.

नैरोबीजवळच्या मचाकोस शहराच्या पुढे उकंबानीच्या टेकड्या लागतात. त्यांतल्या एका टेकडीच्या उतारावर किथेकाची तीन एकर जमीन आहे. वर लाल माती, खाली दगड. आमच्याकडे पाऊस वर्षातून दोनदा येतो आणि आला की फार घाईत असतो. उतारावर त्याला थांबवायला कोणी नसले, तर जाताना तो माती घेऊन जातो. किथेकाचे लग्न झाले तेव्हा या जमिनीत एकही बांध नव्हता. पाऊस पडून गेला की खालच्या ओढ्याचे पाणी लाल व्हायचे, आणि लोक म्हणायचे, ते बघा, किथेकाचं शेत चाललं.

त्याची बायको स्योकाऊ. तिला हे बोलणे लागले. तिने पहिल्याच वर्षी गावातल्या बायकांच्या म्वेथ्यात नाव घातले. म्वेथ्या म्हणजे पंधरावीस बायकांचा जथा. कुदळी-खोरी घेऊन आज हिच्या शेतात जायचे, परवा तिच्या, आणि गात गात खणायचे. जिचे शेत असेल तिने त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचे, आणि दुसरीच्या शेतात जायची पाळी आली की चुकवायची नाही. एवढाच नियम. या जथ्याची म्होरकी तेव्हाही कालुंदे होती आणि आजही तीच आहे.

किथेकाच्या जमिनीत असे पाच बांध घातले गेले. मी वरून तिसरा, सगळ्यांत लांब. ऑगस्टचा कोरडा महिना होता. आधी दोन काठ्यांना दोरी बांधून रेघ मारली. दोरीच्या मधोमध औषधाची एक आडवी बाटली लटकवली होती आणि तिच्यात पाणी होते. पाण्यातला बुडबुडा मधे थांबला की दोन्ही काठ्यांखालची जमीन एका पातळीत आहे असे समजायचे. एक काठी स्योकाऊने धरली, दुसरी किथेकाने. तिथे तो एकटाच पुरुष होता. बायका त्याची थट्टा करत होत्या. काठी सरळ धर, लग्नात उभा राहिलास तसा वाकडा राहू नको, असे कालुंदे त्याला म्हणाली होती.

मग त्या रेघेवर चर खणला, आणि चरातली माती वरच्या अंगाला टाकली. ती माती म्हणजे मी. मित्रांनो, माती खाली टाकणे सोपे असते. वर टाकताना निम्मी तोंडावर येते. बायकांचे केस, भुवया, ओठ सगळे लाल झाले होते. मुथामा तेव्हा चार महिन्यांचा होता. त्याला पाठीशी बांधून स्योकाऊ खोरे चालवत होती, आणि तो झोपला होता. मला पुरे व्हायला अकरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी कालुंदेने आपल्या बांधावरच्या गवताचे ठोंब आणून माझ्या माथ्यावर लावले. ते गवत धरले तेव्हा मला पहिल्यांदा अंगात जीव आल्यासारखे वाटले.

त्यानंतर सव्वीस वर्षे मी काम केले. बांधाचे काम दिसत नाही. तो नुसता पडून राहतो. पण पाऊस आला की पाणी माझ्याशी येऊन थांबायचे, आपली माती माझ्या पायाशी ठेवायचे आणि हळूहळू जमिनीत मुरायचे. पाच-सहा वर्षांत माझ्या वरच्या अंगाची उतरण जाऊन तिथे सपाट पट्टी तयार झाली. त्या पट्टीत मका, तूर, मूग, चवळी व्हायची. किथेकाची बैलजोडी पट्टीत लांबच्या लांब नांगरायची आणि आंब्याखाली वळायची. ज्या वर्षी दोन्ही पाऊस गेले, त्या वर्षी शेजाऱ्यांची तूर करपली आणि माझ्या वरची तूर कमरेला लागली. शेतीखात्याचे साहेब चार गावांचे लोक घेऊन आले. त्यांनी माझ्यावर उभे राहून भाषण केले. स्योकाऊ मागे उभी होती. साहेबांनी तिचे नाव विचारले नाही. पण गावात मला सगळे स्योकाऊचा बांध म्हणत, आणि मला तेवढे पुरे होते.

मुथामा मोठा होऊन नैरोबीला गेला. तिथे तो लोखंडी सामानाच्या दुकानात काम करतो. त्याने आईबापांना फोन घेऊन दिला. आमच्या उतारावर फोनला आवाज धरत नाही. फक्त माझ्या माथ्यावर, आंब्यापासून वीस पावलांवर, तो धरतो. त्यामुळे या घराची सगळी बोलणी मी ऐकलेली आहेत. किथेकाला कमी ऐकू येते, म्हणून तो फोनचा आवाज मोठा करून बोलतो. मुथामाचे लग्न, त्याला झालेली मुलगी, सगळ्या बातम्या आधी मला कळल्या, मग घराला.

गेल्या जुलैत स्योकाऊ गेली. आठ दिवस ताप होता, मग मचाकोसला नेले, आणि तिथून ती परत आली ती लाकडी पेटीत. डॉक्टरांनी काय सांगितले ते किथेकाने फोनवर मुथामाला दोनदा सांगितले, पण मला ते नाव कळले नाही. मातीला आले-गेले खूप जमले होते. त्यांच्या जेवणासाठी जोडीतला डावा बैल कापावा लागला. एवढ्या चांगल्या बाईच्या मातीला आलेल्यांना नुसत्या उसळीवर परत पाठवायचे नाही, ही आमच्याकडची रीत आहे. उजवा बैल राहिला. एका बैलाने नांगर चालत नाही.

ऑगस्टमध्ये कालुंदे आली. आता ती सत्तरीच्या पुढे आहे. तिच्याबरोबर चौघीजणी होत्या. किथेका माझ्यावर बसला होता. तिने सांगितले, स्योकाऊ यंदा अकरा घरी खणायला गेली होती, आणि तिच्या शेताची पाळी यायच्या आत ती गेली. पाळी तिची आहे. आम्ही येतो, पाचही बांध नीट करून देतो, चर साफ करतो, पेरणीपर्यंत जमीनही हाताने तयार करून देतो. तू फक्त जेवण घाल, आणि पुढे आमच्या शेतात तिच्या जागी तू येत जा.

किथेका मग म्हणाला, "नको कालुंदे."

"का नको? मुथामाच्या आईची पाळी आहे. तुझ्यावर उपकार नाही करत आम्ही."

"तुम्ही याल आणि गाल. मला ते ऐकवणार नाही."

"गाणं ऐकून कान झडत नाहीत कोणाचे."

"आणि बायकांच्या जथ्यात मी एकटा कुठं येऊ? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारा कामाला लागला." कालुंदे उठली. "सव्वीस वर्षांपूर्वी काठी धरायला आला होतास. तेव्हा कोणी काही म्हटलं नाही."

त्या चौघी परत गेल्या. मला वाटले, तो विचार करेल. खालच्या बाजूचा शेजारी मुन्याओ आला आणि म्हणाला की माझी पेरणी झाली की माझी जोडी घेऊन जा, दोन दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही. त्यालाही किथेका नकोच म्हणाला. ज्याने मदत देऊ केली त्याचे तोंड त्याला बघवत नव्हते. बायको गेलेल्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती त्याला नको होती.

मग सप्टेंबरमध्ये मुथामाचा फोन आला. तो म्हणाला, बाबा, लहान ट्रॅक्टर घ्यायचा. पैसे मी भरीन. इथे दुकानाजवळ विकायला आलेत, खेळण्याएवढे असतात, पण सगळे काम करतात.

किथेका म्हणाला की तीन एकरांना ट्रॅक्टर कशाला. तो काही एकदम हुरळला नाही, एवढे मी त्याच्या बाजूने सांगतो. त्याने दुसऱ्या दिवशी माझ्यावर बसून खडे मांडले. मोठ्या पावसाची नांगरणी चार दिवस, लहान पावसाची चार दिवस. हे बैलांचे दिवस. ट्रॅक्टरचा प्रत्येक वेळी एकच दिवस धरला. म्हणजे वर्षात दोन खडे. त्याने ते दोन खडे तळहातावर घेतले आणि बराच वेळ बघत बसला. बाकीचे सगळे दिवस ते मशीन उभे राहणार, आणि बैल उभा राहिला तरी शेण देतो, एवढे त्याला कळत होते.

संध्याकाळी त्याने मुथामाला हे सांगितले. मुथामा म्हणाला, मग शेजाऱ्यांची नांगरणी घ्या. मुन्याओ जवळच चारा कापत होता. त्याने ते ऐकले आणि हसत म्हणाला, "आमच्याकडे सगळीकडे बांध आहेत रे बाबा. तुझा ट्रॅक्टर काय उड्या मारत येणार? वळवायचा कुठे, माझ्या अंगणात?"

किथेकालाही हसू आले. स्योकाऊ गेल्यानंतर मी त्याला पहिल्यांदाच हसताना ऐकले. मला वाटले, झाले, हा विषय संपला. हिशेब समोर होता. जमीन लहान, उतार मोठा, पट्ट्या अरुंद, काम वर्षाचे दोन दिवस. कोणालाही कळले असते.

पण मुथामा गप्प झाला नाही. तो म्हणाला, "बाबा, आई वाकून वाकून गेली. सगळा जन्म त्या चरात गेला तिचा. आता तुम्ही पण तिथंच वाकणार का?"

किथेकाने फोन बंद केला. मग तो माझ्यावरून वरच्या पट्टीत उतरला आणि तिथून माझ्याकडे बघू लागला. सव्वीस वर्षांत त्याने माझ्याकडे तसे कधी बघितले नव्हते. त्या दिवसापासून तो माझ्यावर बसेनासा झाला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मचाकोसहून मौंदू नावाचा माणूस आला. तो ट्रॅक्टर विकणाऱ्या दुकानाचा होता. स्वच्छ बूट, नम्र बोलणे. तो खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्याने पाचही पट्ट्या चालून बघितल्या आणि स्पष्ट सांगितले की अशा जमिनीत मशीन निम्मा वेळ नुसते वळत राहील. घ्यायच्या आधी आठ दिवस चालवून बघा, नाही पटले तर परत घेऊन जाईन. मात्र चालवून बघायचे तर जागा पाहिजे. मग त्याने माझ्यावर पाय ठेवला. "हा मधला काढला तर दोन पट्ट्यांची एक होईल. मग मशीनला अर्थ आहे. सगळा नको, मधली तीस पावलं पुरेत."

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. जमिनीला मशीन बसते का, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर खड्यांनी आधीच दिले होते. आता प्रश्न उलटा झाला. मशीनला जमीन कशी बसवायची, हे दोघे बोलू लागले. आणि बोलता बोलता मी अडचण झालो.

मौंदूलाही शंका आली असावी. तो म्हणाला, "बाबा, बांध जुना आहे. घरात विचारा एकदा."

"घरात कोणी नाही," किथेका म्हणाला.

"पाऊस तोंडावर आहे. मी आपला सांगून ठेवतो."

तेव्हा किथेका जे बोलला ते मी विसरू शकत नाही. तो म्हणाला, "याच्यापायी ती वाकली. याच्यापायी गेली. फोडा."

मी बांध आहे. मला तोंड नाही. असते तर मी सांगितले असते की ती माझ्यापायी गेली नाही. मी तिला सव्वीस वर्षे जवळून बघितले आहे. ती वाकायची, हे खरे आहे. दर ऑगस्टला ती चर साफ करायची आणि माती माझ्यावर टाकायची, आणि टाकताना कण्हायची सुद्धा. पण काम झाले की ती माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायची, काही कारण नसताना. आंब्याशी पोचली की वळून पुन्हा सगळे बघायची. ज्याच्यामुळे आपण मरतो आहोत असे वाटते, त्याच्याकडे कोणी तसे बघत नाही. किथेका तिला शंभर वेळा त्या टोकाशी उभी बघून हाक मारत असे, जेवायला चल म्हणून. त्याला हे माहीत होते. तरी त्याने तसे म्हटले.

दोन दिवसांनी ट्रॅक्टर आला. नारिंगी रंगाचा, नवा कोरा. पुढे माती लोटायचे पाते होते. दोन मजुरांनी आधी गवताचे ठोंब उपटले. सव्वीस वर्षांची मुळे होती, ती सहज निघत नव्हती, तेव्हा कोयत्याने तोडली. मग पाते लागले. वरची माती चरात लोटली, चर बुजला, आणि तिथे एक गुळगुळीत उतार झाला. अकरा दिवसांत वीस बायकांनी जे वर टाकले, ते एका सकाळी खाली गेले. किथेका आंब्याखाली पाठ करून बसला होता. ज्याने माझ्या जन्माच्या वेळी काठी धरली होती, त्याने माझ्या मोडण्याच्या वेळी तोंडही माझ्याकडे केले नाही.

मला मुन्याओचा राग नाही, मौंदूचा नाही, मजुरांचा नाही. ते परके होते. मी ज्याच्या घरचा होतो त्याने मला परका केला.

ट्रॅक्टरने नांगरणी छान केली, हेही मला सांगितले पाहिजे. सरळ, खोल, भुसभुशीत. सबंध तीन एकर एका दिवसात झाले, खड्यांनी सांगितले होते तसेच. लोक बघायला आले. किथेकाने स्वतः दोन फेऱ्या मारल्या. त्याने मुथामाला फोन केला. तीच जागा, आंब्यापासून वीस पावले. तेवढा मी अजून होतो. तो म्हणाला, चांगलं आहे, ठेवून घेऊ. कालुंदे दुरून बघून गेली.  माझे उपटलेले गवत वाटेवर पडले होते, त्यांतले चार-सहा ठोंब तिने उचलून नेले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. पहिल्या दिवशी तो बेताचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ फुटले. वरच्या दोन बांधांनी आपले पाणी धरले, पण त्यांना न झेपलेले पाणी सांडून माझ्याशी आले. ते नेहमीप्रमाणे माझ्याशी थांबायला आले होते. माझी दोन टोके होती, त्यांनी धरले. पण पाणी चाचपडत मधे गेले आणि तिथे मी नव्हतो. सगळ्या पट्टीचे पाणी त्या तीस पावलांतून निघाले. जमीन नुकतीच भुसभुशीत केलेली होती. आधी बोटाएवढी ओघळ पडली, मग हाताएवढी, मग माणूस उभा राहील एवढी. चौथा बांध माझ्यापेक्षा लहान होता. त्याच्यावर इतके पाणी कधीच आले नव्हते. तो तासभर टिकला आणि गेला. पाचवा पूर्ण गाडला गेला. मी हे सगळे दोन्ही बाजूंनी बघत होतो आणि हलू शकत नव्हतो. सव्वीस वर्षे कणाकणाने साठवलेली माती माझ्या मधूनच चालली होती.

किथेका पावसात धावत आला. त्याने मधे दगड टाकले, पोती टाकली, शेवटी घराचे दार काढून आणले आणि आडवे धरून उभा राहिला. पाण्याने दार नेले. तो ओघळीच्या काठावर गुडघ्यांवर बसला.

पाऊस थांबला तेव्हा खालून मुन्याओ वर आला. गुडघ्यापर्यंत चिखल होता. एरवी त्याच्या तोंडात चेष्टा असते. तो फक्त एवढेच म्हणाला, "माझे मूग पेरून झाले होते, मुथामाच्या बाबा." त्याच्या शेतावर हातभर वाळू आणि दगड येऊन पडले होते.

किथेका म्हणाला, "बघतो मी."

"काय बघणार?" मुन्याओ म्हणाला, आणि गेला.

चार दिवसांनी मौंदू आला. आठ दिवसांची मुदत होऊन गेली होती, पाऊस होता म्हणून तो थांबला होता. त्याने शेत बघितले आणि टोपी काढली. तिसरी, चौथी आणि पाचवी पट्टी मिळून आता एकच लांब उतार झाला होता. मशीनला कुठेही बांधाचा अडथळा नव्हता. हवे तेवढे वळता आले असते. फक्त मधे ती खोल ओघळ होती, लाल माती राहिली नव्हती, पांढरे दगड वर आले होते.

किथेकाने किल्ली त्याच्या हातात दिली. "मशीन चांगलं आहे," तो म्हणाला. "माझ्याजवळ त्याला द्यायला जमीन नाही."

ट्रॅक्टर गेला. मला वाटले, आता तरी तो माझ्याकडे येईल. माणूस चुकतो, दुःखात तर जास्तच चुकतो. मी वाट बघत होतो. तो आला नाही. तो कालुंदेकडे गेला. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही, कारण ते माझ्यावर झाले नाही. पण डिसेंबरपासून तो खोरे खांद्यावर घेऊन बायकांच्या जथ्याबरोबर रोज जाताना दिसू लागला. पहिल्याच दिवशी तो मुन्याओच्या शेतातली वाळू उपसायला गेला. बायका गात होत्या, तो मान खाली घालून पाटी भरत होता. लोकांनी चार दिवस नावे ठेवली, मग सोडून दिले. हे त्याने चांगले केले. मी तसे म्हणतो.

पण एक गोष्ट मला सलते. जो भेटेल त्याला तो सांगतो की मशीनने घात केला. फोनवर मुथामालाही त्याने तेच सांगितले, माझ्या तुटक्या टोकावर उभे राहून. मशीन आलं आणि सगळं वाहून गेलं, म्हणाला. मित्रांनो, मी त्या मशीनखाली मोडलो आहे, म्हणून माझी साक्ष खरी माना. मशीनचा काही दोष नव्हता. ते जिकडे फिरवले तिकडे फिरले. सपाट, मोठ्या शेतात ते कोणाचे तरी भले करत असेल. आधी बायको गेली त्याचा दोष त्याने माझ्यावर घातला, मग मी गेलो त्याचा दोष मशीनवर घातला. आम्ही दोघेही बोलू शकत नाही, म्हणून ते त्याला सोपे गेले.

मुथामा त्यावर म्हणाला, "म्हणजे चूक माझी झाली, बाबा. मीच मागे लागलो."

 नाही म्हणायला किथेकाला फार वेळ लागला. शेवटी म्हणाला, "तू दिलंस. फोडा मी म्हटलं." एवढे तो बोलला. पण ती याच्यापायी गेली नाही, हे तो अजून बोललेला नाही. मुलाशी नाही, कालुंदेशी नाही, माझ्याशी नाही.

आता फेब्रुवारी आहे. जमीन कोरडी झाली आहे. काल बायकांनी नवी रेघ मारली, माझ्यापासून बारा पावले वर, कारण माझ्या जागी ओघळ इतकी खोल आहे की तिथे बांध उभा राहणार नाही. मातीची चणचण आहे. म्हणून माझी दोन्ही टोके खणून ती माती पाट्यांनी नव्या बांधाला घालायची ठरले आहे. किथेकानेच ते सुचवले. जुनी बसलेली माती आहे, चांगली धरेल, असे तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने माझ्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. तो मला मोडायच्या वेळी मिळाला.

मी जाईन. नव्या बांधात मी असेन, पण मी तो नसेन. त्याला कोणाचे नाव असेल ते मला माहीत नाही. त्याने पाणी अडवावे, एवढीच माझी इच्छा आहे.

मित्रांनो, तुमच्याकडेही शेते आहेत आणि त्यांत बांध आहेत. कधी तरी एखादा तुम्हाला अडचणीचा वाटेल. यंत्राला वळता येत नाही म्हणून, किंवा त्याच्याकडे बघितले की गेलेल्या माणसाची आठवण येते म्हणून. मोडू नका असे मी म्हणत नाही. जमीन तुमची आहे. पण मोडायच्या आधी एक करा. त्याच्या वरच्या अंगाला उभे राहून बघा. तो जेमतेम तुमच्या घोट्याला लागेल, आणि तुम्हाला वाटेल, एवढासा तर आहे. किथेकाने आणि मौंदूने तिथूनच बघून ठरवले. मग चालत जाऊन खालच्या अंगाला, चरात उभे राहा. आता तो तुमच्या छातीला लागेल. घोट्यापासून छातीपर्यंत जेवढे अंतर आहे, तेवढी माती त्याने धरलेली आहे. तिच्यावर हात ठेवा, आणि मग काय ते ठरवा.